फायबरमधला प्रकाश येतो कुठून? तापणाऱ्या लेसरची गोष्ट

घरात फायबरचं कनेक्शन असेल, तर भिंतीवर लावलेल्या त्या छोट्या डब्यात एक लेसर आहे. तो आपल्याला कधी दिसत नाही, कारण त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी असते १३१० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता, तेव्हा हा लेसर सेकंदाला १२४ कोटी बिटांच्या वेगाने उघडझाप करतो आणि तुमचा फोटो काचेच्या तंतूतून कंपनीच्या यंत्रापर्यंत जातो. पलीकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा. तो येणं थांबलं की डब्यावरचा ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि आपण केबलवाल्याला फोन लावतो.

फायबरबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, लेसरबद्दल फार कमी. मला हे नेहमी खटकतं. काच शुद्ध करणं अवघड होतंच, पण ते एकदा जमलं की जमलं. लेसरचं तसं झालं नाही. तो तयार झाला तेव्हा थंड केल्याशिवाय चालत नव्हता, चालायला लागला तेव्हा लगेच मरत होता, टिकायला लागला तेव्हा स्वतःची तरंगलांबी सांभाळत नव्हता. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी जवळजवळ प्रत्येक वेळी एकच कारण सापडतं: उष्णता. गेल्या साठ वर्षांतलं अर्धवाहक (सेमीकंडक्टर) लेसरवरचं संशोधन या एका धाग्याने वाचलं, तर ते चांगलं उलगडतं.

तुकडा चमकतो कसा

अर्धवाहक पदार्थात इलेक्ट्रॉनांना राहायला ऊर्जेचे दोन पट्टे असतात. खालचा जवळजवळ भरलेला, वरचा जवळजवळ रिकामा, आणि दोघांच्या मधल्या अंतरात कुणालाच जागा नाही. वरचा इलेक्ट्रॉन खालच्या रिकाम्या जागी उतरला की या अंतराएवढी ऊर्जा मोकळी होते. गॅलियम आर्सेनाईड किंवा इंडियम फॉस्फाईडसारख्या पदार्थांत ती प्रकाश होऊन बाहेर पडते. सिलिकॉनमध्ये मात्र तसं होत नाही, तिथे ती बहुतेक उष्णतेत जाते. संगणकाच्या चिपा ज्या पदार्थाच्या बनतात, त्याच पदार्थातून लेसर बनवता येत नाही, ही अडचण आजही पाठ सोडत नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

इलेक्ट्रॉन आपापले उतरत राहिले की झाला एलईडी. लेसर व्हायला आणखी दोन गोष्टी लागतात. वर इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी हवी, की जवळून जाणारा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, एखाद्याला खाली उतरायला लावेल आणि हुबेहूब आपल्यासारखाच दुसरा फोटॉन निर्माण होईल. आइनस्टाइन यांनी ही कल्पना १९१७ साली मांडली. शिवाय तयार झालेला प्रकाश पुन्हापुन्हा त्याच गर्दीतून फिरवायला समोरासमोर दोन आरसे हवेत. इथे निसर्गाने फार मोठी सोय करून ठेवली आहे. स्फटिक योग्य दिशेने फोडला, की त्याची कड इतकी सपाट निघते, की तीच आरशाचं काम करते आणि सुमारे ३० टक्के प्रकाश आत परतवते. अशा तुकड्याची लांबी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी असली तरी पुरते.

ठरावीक विद्युतप्रवाहाच्या खाली हा तुकडा साधा एलईडी असतो, त्याच्या वर गेला की लेसर होतो. या प्रवाहाला थ्रेशोल्ड करंट म्हणतात. थ्रेशोल्ड जास्त असेल तर तुकड्यात जास्त प्रवाह सोडावा लागतो, त्यामुळे तो जास्त तापतो. आणि तापला की थ्रेशोल्ड आणखी वाढतो, कारण उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या ऊर्जांवर विखुरतात आणि हवी तिथली गर्दी विरळ होते. मग प्रवाह आणखी वाढवायचा, तुकडा आणखी तापायचा. पहिल्या पिढीचे संशोधक याच चक्रात अडकले होते.

लेनिनग्राड आणि मरे हिल

१९६२ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या चार गटांनी काही आठवड्यांच्या अंतराने अर्धवाहक लेसर चालवून दाखवला. पहिला मान जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी इथल्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट हॉल यांच्या गटाचा. पण तो लेसर द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, आणि तोही विजेच्या छोट्या छोट्या स्पंदांवर चालायचा. खोलीच्या तापमानाला अशा लेसरचा थ्रेशोल्ड दर चौरस सेंटिमीटरला पन्नास हजार अँपिअरच्या घरात जायचा. सलग चालवला तर तुकडा जळूनच जाणार.

यावरचा उपाय १९६३ मध्येच कागदावर आला होता. अमेरिकेत हर्बर्ट क्रोमर यांनी, आणि सोव्हिएत रशियात झोरेस अल्फेरोव्ह आणि रुडॉल्फ काझारिनोव्ह यांनी, एकमेकांशी काहीही संबंध नसताना एकच गोष्ट सुचवली. प्रकाश देणारा पातळ थर अशा दोन थरांच्या मध्ये ठेवा, ज्यांचं ऊर्जेचं अंतर त्याच्यापेक्षा मोठं आहे. ओढ्याला दोन्ही अंगांनी बंधारा घातला की पाणी मधल्या डोहातच साठतं, तसे इलेक्ट्रॉन मधल्या थरातच कोंडले जातात, बाहेर सांडत नाहीत. थोड्या प्रवाहात मोठी गर्दी जमते. बाहेरच्या थरांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, कमी असल्यामुळे प्रकाशही त्याच थरात अडकून राहतो. एका रचनेत दोन कामं. या रचनेचं नाव डबल हेटरोस्ट्रक्चर.

क्रोमर तेव्हा व्हेरियन या कंपनीत होते. या लेसरचा व्यवहारात काही उपयोग होणार नाही, म्हणून त्यावर काम करायला त्यांना साधनं मिळाली नाहीत. त्यांचा शोधनिबंधही आधी एका नियतकालिकाने परत पाठवला होता. २००० साली क्रोमर आणि अल्फेरोव्ह यांना नोबेल मिळालं ते याच कामासाठी. ही हकीकत मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘उपयोग काय’ हा प्रश्न संशोधकाला फार लवकर विचारला तर काय गमावू शकतो, याचा हा अगदी ठोस पुरावा आहे.

कल्पना कागदावरून स्फटिकात उतरवणं मात्र अतोनात कठीण गेलं. दोन वेगळे पदार्थ एकावर एक वाढवायचे तर त्यांच्या अणूंमधली अंतरं जुळायला हवीत, नाहीतर सांध्यावर दोष तयार होतात आणि प्रकाशाऐवजी उष्णताच मिळते. अल्फेरोव्ह यांच्या गटाने आधी निवडलेली जोडी नेमकी इथेच फसली. शेवटी गॅलियम आर्सेनाईड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाईड ही जोडी सापडली. या दोघांतली अणूंची अंतरं जवळजवळ सारखी आहेत. १९७० च्या मे महिन्यात लेनिनग्राडच्या योफे संस्थेत अल्फेरोव्ह यांच्या गटाने, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जच्या इझुओ हायाशी आणि मॉर्टन पॅनिश यांनी, खोलीच्या तापमानाला सलग चालणारा लेसर मिळवला. थ्रेशोल्ड पन्नास हजारांवरून दीड-दोन हजारांच्या खाली आला होता.

त्याच १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी ऱ्हास असलेला काचतंतू बनवला. चार वर्षांपूर्वी चार्ल्स काओ यांनी हीच मर्यादा सांगितली होती: एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला, तरी काचेतून संदेशवहन शक्य आहे. तंतू आणि लेसर एकाच वर्षी हाताशी आले.

मरणारे लेसर

पण हे लेसर टिकत नव्हते. सुरुवातीचे काही सेकंदांत, काही मिनिटांत, फार तर काही तासांत विझायचे. टेलिफोनच्या जाळ्यात वर्षानुवर्षं चालणारं उपकरण लागतं, त्यामुळे हा प्रश्न सुटला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१९७३ च्या सुमारास बेल लॅब्जमधल्या संशोधकांनी मरत चाललेल्या लेसरांच्या आत पाहिलं. चमकणाऱ्या पट्ट्यात काळ्या रेषा उमटलेल्या होत्या, आणि त्या वाढत होत्या. स्फटिकात कुठेतरी एक दोष असतो. तिथे इलेक्ट्रॉन प्रकाश न देता खाली उतरतात आणि ती ऊर्जा शेजारच्या अणूंना हादरवते. अणू जागचे हलतात, दोष लांब होतो. लांब झालेला दोष आणखी इलेक्ट्रॉन गिळतो. म्हणजे लेसर स्वतःच्याच ऊर्जेने स्वतःला पोखरत होता.

उत्तर एका झटक्यात मिळालं नाही. निर्दोष पाया, स्वच्छ वाढ, ऑक्सिजनला मज्जाव, तुकडा धातूच्या पाट्यावर बसवताना त्यावर ताण पडू नये म्हणून मऊ सोल्डर, कडांवर संरक्षक लेप, अशी ही वर्षानुवर्षांची कारागिरी होती. मग नवा प्रश्न: लेसर शंभर वर्षं टिकेल हे शंभर वर्षं न थांबता सिद्ध कसं करायचं? इथे उष्णता पहिल्यांदाच संशोधकांच्या बाजूने उभी राहिली. लेसर मुद्दाम ७० अंश सेल्सिअसला तापवून चालवायचे, ते किती लवकर मरतात ते पाहायचं, आणि त्यावरून साध्या तापमानातलं आयुष्य काढायचं. १९७७ पर्यंत हा अंदाज दहा लाख तासांच्या घरात पोहोचला होता. त्याच वर्षी शिकागो शहराखालून फायबरवर टेलिफोन सुरू झाले. आपल्याकडे पुण्यात १९७९ मध्ये स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी देशातली पहिली फायबर यंत्रणा बसली. पुणेकरांनाही ही गोष्ट फारशी ठाऊक नसते.

लांबचा पल्ला, नवा पदार्थ, नवी डोकेदुखी

गॅलियम आर्सेनाईडचा लेसर ८५० नॅनोमीटरला चमकतो. काचेला मात्र ही तरंगलांबी फारशी मानवत नाही. १३१० नॅनोमीटरच्या आसपास स्पंद सगळ्यांत कमी पसरतात, आणि १५५० ला ऱ्हास सगळ्यांत कमी, किलोमीटरला ०.२ डेसिबल इतका. या काचेत १०० किलोमीटर गेल्यावर एक टक्का प्रकाश उरतो. काओ यांनी एका किलोमीटरसाठी मागितलेलं आता शंभर किलोमीटरला मिळत होतं.

या तरंगलांब्यांसाठी इंडियम फॉस्फाईडच्या पायावर इंडियम, गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचं मिश्रण वाढवावं लागतं. आणि इथे उष्णता पुन्हा आडवी आली, या वेळी जास्त चिवट रूपात. ऊर्जेचं अंतर लहान असलं, की खाली उतरणारा इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रकाशाला देण्याऐवजी शेजारच्या इलेक्ट्रॉनला देऊन टाकण्याची शक्यता वाढते. त्या शेजाऱ्याची उडी शेवटी उष्णतेतच विरते. याला ऑजे प्रक्रिया म्हणतात, आणि तापमान चढलं की ती आणखी फोफावते. त्यामुळे असा लेसर २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेला, तर त्याचा थ्रेशोल्ड अडीच-तीन पट होऊ शकतो. गॅलियम आर्सेनाईडचा त्याच फरकाला साधारण दीडपट होतो.

दुसरी अडचण तरंगलांबीच्या शुद्धतेची. साध्या दोन आरशांच्या लेसरमध्ये एकाच वेळी अनेक तरंगलांब्या असतात, साधारण एकेका नॅनोमीटरच्या अंतराने. १५५० ला काचेत दोन तरंगलांब्यांमध्ये एक नॅनोमीटरचा फरक असेल, तर दर किलोमीटरला त्या १७ पिकोसेकंदांनी (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) मागेपुढे होतात. १०० किलोमीटरनंतर हा फरक १७०० पिकोसेकंदांचा. सेकंदाला १००० कोटी बिट पाठवायचे तर एका बिटाला मिळतात फक्त १०० पिकोसेकंद. म्हणजे एक बिट पुढच्या सतरा बिटांत मिसळून जाणार. लेसरने एकच तरंगलांबी द्यायला हवी, आणि ती वेगाने उघडझाप करतानाही.

हा प्रश्न सोडवण्यात टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या यासुहारू सुएमात्सु यांचा वाटा फार मोठा आहे. आधी बेल लॅब्जच्या हेर्विग कोगेलनिक आणि चार्ल्स शँक यांनी दाखवलं होतं, की टोकाला आरसे ठेवण्याऐवजी लेसरच्या सबंध लांबीभर बारीक नियमित खाचा कोरल्या, तर त्या एकाच तरंगलांबीला परत फिरवतात. १५५० साठी या खाचांमधलं अंतर सुमारे २४० नॅनोमीटर भरतं. सुएमात्सु यांच्या गटाने या दिशेने काम करत वेगवान उघडझापीतही एकाच तरंगलांबीवर ठाम राहणारे लेसर उभे केले. आज लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये जे लेसर आहेत, ते याच घराण्यातले.

खाचांनी तरंगलांबी बांधली, पण पूर्णपणे नाही. तापमान एका अंशाने वाढलं की ती सुमारे ०.१ नॅनोमीटरने सरकते. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण आता एकाच तंतूतून डझनावारी तरंगलांब्या शेजारी शेजारी धावतात, दोघींमध्ये बऱ्याचदा ०.८ नॅनोमीटरचंच अंतर असतं. आठ अंश तापलात तर शेजाऱ्याच्या लेनमध्ये गेलात. म्हणून अशा लेसरच्या पोटाखाली एक विजेवर चालणारा छोटा शीतक बसवलेला असतो, आणि त्याचा वीजवापर बऱ्याचदा लेसरपेक्षाही जास्त असतो. घरातल्या डब्यात मात्र हा शीतक परवडत नाही. म्हणून घरोघरी फायबर पोहोचवणाऱ्या, आपल्याकडे सर्रास असलेल्या जीपॉन प्रणालीच्या मूळ मानकाने घरातल्या लेसरसाठी १२६० ते १३६० नॅनोमीटर एवढा ऐसपैस पट्टा मोकळा ठेवला. विदर्भातल्या मे महिन्यात तो लेसर कितीही सरकला, तरी स्वतःच्या लेनमध्येच राहतो. अभियांत्रिकीतला हा समजूतदारपणा मला फार आवडतो.

दाब देऊन सुधारलेला लेसर

१९८० च्या दशकात मधला थर पाच-दहा नॅनोमीटर इतका पातळ करता येऊ लागला. इतक्या अरुंद जागेत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ठरावीक पायऱ्यांवर येते, विखुरणं कमी होतं आणि थ्रेशोल्ड आणखी उतरतो. याला क्वांटम वेल म्हणतात. मग १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचे आल्फ ॲडम्स यांनी एक उलटा विचार मांडला. अणूंची अंतरं जुळलीच पाहिजेत हा तोवरचा अलिखित नियम. ॲडम्स म्हणाले, थर पुरेसा पातळ असेल तर अंतरं मुद्दाम थोडी न जुळणारी ठेवा. थर फाटणार नाही, फक्त दाबला जाईल. या दाबामुळे खालच्या पट्ट्याची रचना अशी बदलते, की लेसरसाठी लागणारी गर्दी बऱ्याच कमी प्रवाहात जमते, आणि कमी प्रवाह म्हणजे कमी उष्णता. हाच विचार अमेरिकेत एली याब्लोनोविच आणि ईव्हान केन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे मांडला. आज बाजारातल्या बहुतेक अर्धवाहक लेसरांत असा दाबलेला थर असतो.

समुद्राखालच्या केबलचा पल्ला वाढला तो या लेसरांच्याही बळावर. १९८८ मध्ये अटलांटिकमध्ये पडलेल्या पहिल्या फायबर केबलमध्ये, टीएटी-८ मध्ये, दर काही डझन किलोमीटरवर प्रकाशाचं विजेत आणि विजेचं पुन्हा प्रकाशात रूपांतर करावं लागायचं. पुढे अर्बियम हा धातू मिसळलेल्या तंतूत प्रकाश थेट प्रवर्धित करता येऊ लागला आणि त्या अर्बियमला ऊर्जा देणारा ९८० नॅनोमीटरचा लेसर हा याच दाबलेल्या थराचा. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ज्या आंतरराष्ट्रीय केबल येतात, त्यांच्या वाटेत समुद्रतळाशी असे लेसर वर्षानुवर्षं अखंड जळत असतात. तिथे नेमकं थंड असतं, हे त्यांचं भाग्य.

आता भांडण चिपशी आहे

सध्याचं संशोधन डेटा सेंटरमध्ये येऊन ठेपलं आहे. तिथे अंतरं छोटी, पण दुवे असंख्य. रॅकमधल्या थोड्या मीटरांसाठी केनिची इगा यांनी १९७७ मध्ये सुचवलेला, पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश सोडणारा लेसर वापरतात. तो चिमुकला आहे, स्वस्त आहे आणि मिलिअँपिअरभर प्रवाहात चालतो. फोनमध्ये चेहरा ओळखणारा लेसरही त्याच जातीचा.

एआयमुळे मात्र गणित बदललं. चिपमधून निघालेला विजेचा संकेत तांब्याच्या तारेतून बोर्डाच्या कडेपर्यंत न्यायलाच एवढी वीज लागते, की प्रकाशाचं उपकरण चिपच्या अगदी शेजारी आणणं भाग झालं आहे. पण ती चिप शेकडो वॅट ओकते. लेसरला यापेक्षा वाईट शेजार मिळणं शक्य नाही. म्हणून सध्या बऱ्याच रचनांत लेसर वेगळ्या, थंड जागी ठेवतात, त्याचा अखंड प्रकाश तंतूने चिपपाशी आणतात आणि तिथे सिलिकॉनमधले मॉड्युलेटर फक्त उघडझाप करतात.

लेसर सिलिकॉनवरच बसवायचे प्रयत्नही जोरात आहेत. २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले जॉन बॉवर्स आणि इंटेल यांनी इंडियम फॉस्फाईड सिलिकॉनवर चिकटवून विजेवर चालणारा लेसर दाखवला. चिकटवण्याऐवजी थेट वाढवायचं म्हटलं तर अणूंची अंतरं गॅलियम आर्सेनाईडशी चार टक्क्यांनी आणि इंडियम फॉस्फाईडशी आठ टक्क्यांनी जुळत नाहीत. शिवाय वाढवताना तापवलेला थर थंड होताना सिलिकॉनपेक्षा जास्त आकसतो आणि तडकतो.

इथे मला सगळ्यांत आशादायक वाटतात ते क्वांटम डॉट, म्हणजे थराऐवजी काही नॅनोमीटरचे सुटे सुटे कण. यासुहिको अराकावा आणि हिरोयुकी साकाकी यांनी १९८२ मध्येच सांगितलं होतं, की इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांनी कोंडले तर लेसरचा थ्रेशोल्ड तापमानाला फारसा बधणार नाही. आणि कणात अडकलेला इलेक्ट्रॉन भटकून दोषापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे १९७३ मधल्या त्या काळ्या रेषांचा उपद्रवही कमी होतो. म्हणून सदोष पायावर, अगदी सिलिकॉनवर वाढवलेले डॉट-लेसरही आता प्रयोगशाळांत दीर्घकाळ चालतात. कारखान्यात लाखांच्या संख्येने ते तितकेच एकसारखे निघायला हवेत, आणि काम तिथे अडलेलं आहे.

दुसरी वाट जपानच्या एनटीटी आणि टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी दाखवली. त्यांनी इंडियम फॉस्फाईडचा अतिपातळ लेसर सिलिकॉन कार्बाईडवर बसवला. पूर्वी असे लेसर सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या, थरावर बसवत, आणि सिलिका उष्णता कोंडून ठेवते. सिलिकॉन कार्बाईड तीच उष्णता शेकडो पट चांगली वाहून नेतं. लेसर तापेनासा झाला, तेव्हा त्यात जास्त प्रवाह सोडता आला आणि थेट उघडझापीची बँडविड्थ १०८ गिगाहर्ट्झपर्यंत गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात प्रकाश द्यायचा पदार्थ जुनाच आहे, नवीन आहे ती त्याखालची जमीन. थेट उघडझापीचा लेसर आता फार पुढे जाणार नाही आणि बाहेरचा मॉड्युलेटरच लागेल असा जो समज पक्का होत चालला होता, त्याला या निकालाने चांगलाच धक्का दिला.